धुतलेली वार

नांदेड, ११ जुलै २०२४

रुद्राणी,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर फाड. शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण फोनवर तू मला कधीचंच बंद करून टाकलंस आणि घरी आलेला कागद आधी तुझ्या सासूबाईंच्या, पार्वतम्मांच्या हातात पडतो. शाळेत कुणी विचारलंच तर सांग, बहिणीचं पत्र आहे. तेवढं तर अजून खरं आहे ना?

अव्वाचा परवा चाकूरहून फोन आला. तुला पुन्हा दिवस गेलेत, चौथा लागला. तिला वाटलं लेक आनंदानं ओरडेल. मी खुर्चीत बसले. "का गं मंजुश्री, बोलंनास?" म्हणाली. मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. भीती आधी आली, एवढंच.

मागच्या वर्षीचं उगाळायचं नाही असं मी ठरवून ठेवलं होतं. पण ते सोडून पुढचं सांगताच येत नाही. तुझा मुलगा जन्मला तेव्हा जो तो म्हणाला, केवढं गुटगुटीत लेकरू! तुझ्या सासऱ्यांनी, धोंडप्पांनी, मोंढ्यातल्या त्यांच्या गुळाच्या अडतीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी लेकरू गेलं. माती देऊन आल्यावर तुझ्या सासूबाईंच्या ध्यानात आलं, की बाळामागून पडलेली वार न्हाणीत पुरलीच नाही. तुमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराची वार न्हाणीत पुरतात. बाळबाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तिच्यावर पडलं की लेकराचा जीव घरात रुजतो म्हणे. त्यासाठी तर पहिलं बाळंतपण असूनही तुला माहेरी पाठवलं नाही. मग वार गेली कुठं? नांदेडला, माझ्या प्रयोगशाळेत. आणि भरल्या घरात, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "अक्कानं न विचारता नेली."

मी गप्प बसले. तुझ्या अंगात ताप होता, पदर दुधानं भिजला होता आणि प्यायला कुणी नव्हतं. तशा अवस्थेत तुला खोटं पाडायला मी काही राक्षसीण नाही. पुढेही पाडणार नाही. वारचोर म्हणून तुमच्या गल्लीत माझं नाव झालंय, ते राहू दे. पण इथे आपण दोघीच आहोत, म्हणून लिहिते. ती वार तू मला दिलीस. हसत दिलीस.

मला न्याय नको, माफीही नको. काम एकच आहे. सहावा संपता संपता साखरेची ती तपासणी करून घे. ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि नंतर रक्त द्यायचं, ती. मागच्या वेळी ती राहूनच गेली. नेमकी महाशिवरात्र आली, तुला उपास होता, आणि नंतर कुणाला आठवण झाली नाही. उपाशीपोटीची साखर बरी आली म्हणून सगळे निर्धास्त राहिले. अव्वाला साखर आहे, आज्जीला होती. तुझ्या अंगात ती दबा धरून बसलेली असणार, आणि पोट वाढलं की वर येणार. लेकरू त्यानंच गेलं असं माझं म्हणणं आहे. वारेनं नाही.

होय किंवा नाही, एक शब्द कळव.

अक्का


नांदेड, २ ऑगस्ट २०२४

रुद्राणी,

शब्द आला नाही. पोस्टमन आला की मी जिन्यापर्यंत जाते आणि परत येते. प्रयोगशाळेतले सर विचारतात, मंजुश्री, कुणाची नोटीस यायची आहे का?

तू लहानपणापासून खोदून खोदून विचारायचीस आणि उत्तर अर्धं ऐकून पळायचीस. तसंच माझ्या कामाचंही झालं. या वेळी पळू नकोस. वार इथे आली की मी ती थंड मिठाच्या पाण्यानं धुते, रक्त जाईपर्यंत धुते. मग बारीक कापून, वाटून, यंत्रात गरगर फिरवून तिच्या पेशींची नुसती आवरणं वेगळी काढते. शेवटी हाती लागतं ते बोटाच्या पेराएवढं, फिकट पांढरट. त्यात मी इन्सुलिन सोडते आणि किती चिकटलं, किती सुटं राहिलं ते मोजते. पंगतीत पाट मांडलेले असतात ना, तसे त्या आवरणावर इन्सुलिनसाठी पाट असतात. रक्तात इन्सुलिन कितीही आलं तरी पाट असतील तितकंच बसणार, बाकीचं ताटकळत उभं. साखर असलेल्या बाईच्या वारेत या पाटांचं काय होतं, ते कमी होतात का, हे मी शोधते आहे. आठ तास थंड खोलीत उभं राहायचं, बोटं बधिर होतात. चहाला दूध नसलं की प्रयोगासाठी आणलेली दुधाची पावडर ढवळून पितो आणि सरांच्या शिव्या खातो. असं माझं वैभव.

तुझ्या वारेत पाट कमी निघाले होते. एका वारेवरून शास्त्र काही सिद्ध होत नाही, तसं मी कुठे म्हणणारही नाही. आता पुन्हा मोजून बघायची सोयही उरली नाही. मे महिन्यात वीज गेली, जनरेटरनं दगा दिला आणि उणे ऐंशी अंशांचं शीतकपाट बंद पडलं. गेल्या वर्षीचं सगळं सडलं, तुझंही त्यातच. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरून देऊन टाकावं लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मला बोलकं वाटलं ते वारेचं वजन. तुला कळा सुरू झाल्या होत्या, खाटेची कड धरून बसली होतीस. "अक्का, बर्फाचा डबा आणलास का?" मी आणलाय म्हणाले. "मग घेऊन जा बाई. न्हाणीत पुरली तर निस्तं पाणी पिऊन राहील. तुझ्याकडं चार अक्षरं तरी शिकंल." हसलीस, आणि पुढची कळ आली. संमतीच्या कागदावर सहीसुद्धा तूच केलीस. नांदेडला येऊन मी वार काट्यावर ठेवली. एवढी जड, फुगलेली, फिकी. अशी वार साखरेची असते. मी तडक तुमच्या घरचा मोबाइल लावला, तो दवाखान्यात पार्वतम्मांजवळ होता.

"लेकरू कसंय?"

"गुणाचं हाय. निस्तं झोपून राहिलंय. रडत बी न्हाई."

"उठवून पाजा. डॉक्टरला त्याची साखर बघायला सांगा, आत्ता."

"तान्ह्या लेकराची साखर? शिकून शिकून डोस्कं फिरलं का तुझं? दृष्ट नको लावू माझ्या नातवाला."

फोन ठेवला त्यांनी. दवाखान्याच्या नंबरवर लावला तर कुणी उचलला नाही. रुद्राणी, ते लेकरू शांत नव्हतं, ते विझत होतं. आईच्या रक्तातून जास्तीची साखर मिळत राहिली की पोटातलं बाळ स्वतःचं इन्सुलिन भरमसाट तयार करायला शिकतं. नाळ कापली की साखर थांबते. इन्सुलिन थांबत नाही. मग त्याच्या एवढ्याशा रक्तात होती ती साखरही संपते. मी मोजत होते तेच इन्सुलिन. मी बर्फात हात घालून इकडे मोजत होते आणि तिकडे ते झोपत चाललं होतं.

तपासणी कर. मी हात जोडते.

अक्का


नांदेड, २९ ऑगस्ट २०२४

रुद्राणी,

आता मात्र मी चिडले आहे, आणि चिडूनच लिहिणार आहे.

अव्वा सांगते, तुझी साखर जरा वर दिसली, डॉक्टर म्हणाले साखर बंद करा. बरं वाटलं. मी विचारलं, मग बंद केली का? अव्वा म्हणाली, "हाव, घरात साखरंचा दाणा न्हाई ठेवला. च्या सुदिक गुळाचा. धोंडप्पा सोताच्या हातानं चांगली ढेप निवडून आणून राहिलेत तिच्यासाठी."

मी फोन भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

अगं, तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना? का फक्त हजेरी घेतेस? तुमचं घर चार पिढ्यांपासून गुळावर उभं आहे, त्या घरात गुळाला साखर म्हणायची कुणाची छाती होणार? सासऱ्यांच्या लेखी साखर म्हणजे कारखान्याची, विषारी, आणि गूळ म्हणजे रक्त वाढवणारा. त्यांचा काय दोष? माणूस चांगला आहे. सुनेसाठी उन्हात उभं राहून ढेप फोडून बघतो, वास घेतो, जीभ लावतो. अशा मायेनं ते तुझ्या पोटातल्या बाळाला त्याच वाटेनं पाठवताहेत. आणि तू गुळाचा चहा पितेस, शेंगदाण्याचे लाडू खातेस, गप्प बसतेस. तिथे गप्प बसायची तुला सवयच लागली आहे.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

अव्वा असंही म्हणाली, की ग्लुकोजच्या तपासणीला पार्वतम्मा नाही म्हणतात. तपासणी झाली की सुई लागणार, आणि पोटुशीच्या अंगात सुई गेली की लेकराला टोचते. त्यांचा उपाय ठरलेला आहे, या वेळी वार डोळ्यात तेल घालून सांभाळायची. म्हणजे वार वाचणार. लेकराचं काय ते त्यांनी देवावर सोडलंय.

उमाशंकरांना सांग. नवरा आहे तो तुझा, नुसता अडतीचा मालक नाही. तू सांगत नसशील तर मी सांगते. त्यांचा फोन माझ्याकडे आहे, पण मी फोन केला तर तुलाच ऐकून घ्यावं लागेल, म्हणून थांबले आहे.

अक्का


नांदेड, ३० सप्टेंबर २०२४

रुद्राणी,

तुझ्या घरची माणसं आज माझ्याकडे आली होती. तुला सांगून आली की न सांगता, मला माहीत नाही.

दुपारी मी थंड खोलीतून बाहेर आले तर दारात पार्वतम्मा. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा अनवाणी उभ्या. मागे उमाशंकर, हातात थर्माकोलचा डबा. मी बसा म्हणाले. बसल्या नाहीत.

"आमची वार दे," म्हणाल्या.

त्यांना मठातल्या स्वामींनी सांगितलंय, की पहिल्या लेकराची वार उघड्यावर आहे तोवर दुसऱ्याचा जीव रुजायचा नाही. उरलंसुरलं असंल ते आणून पुरा. आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराच्या नावानं तुला इष्टलिंग बांधतील, त्याच्या आधी हे व्हायला हवं. बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. रुद्राणी, मी आजवर त्या बाईचा रागच करत आले. पण त्या लेकराला शेवटची आंघोळ त्यांनी घातली होती. ते निळं पडलं तेव्हा त्यांच्याच मांडीवर होतं. हे मी विसरले होते.

तरीही मी म्हणाले, "देते. पण तिची ग्लुकोजची तपासणी करा. मग देते."

"सौदा करून राहिलीस? लेकराच्या वारेचा?"

"हो."

वाटलं आता थोबाडीत बसते. त्यांनी पदर ओढून माझ्या हातावर टाकला आणि पदराखाली माझं एक बोट दाबलं. मोंढ्यात जुने लोक रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, हे तू मला लग्नानंतर मोठ्या कौतुकानं सांगितलं होतंस. एक बोट म्हणजे एक अट, तपासणी. मी त्यांची दोन बोटं दाबली. तपासणी, आणि साखर निघाली तर सुई. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. मग त्यांनीही दोन बोटं दाबली. पदर काढून घेतला. "आमच्या घरात रुमालाखालचा शबुद मोडत न्हाई," म्हणाल्या. "आता दे."

मी आत गेले. नळी घेऊन आले. बर्फात ठेवून डबा त्यांच्यापुढे धरला.

"पांढरं? रगत कुठं हाय?"

"धुतलंय."

त्यांनी नळी उजेडाकडे धरली. "माझ्या नातवाचं समदं धुऊन टाकलंस बाई," एवढंच म्हणाल्या आणि डबा छातीशी धरून जिना उतरल्या. उमाशंकर मागे रेंगाळले. "अक्का, तीच हाय न्हवं?" मी म्हणाले, तीच आहे. तुलाही तेच सांगते. तीच आहे.

आता तुझं काम. ते पाणी गोड, मळमळतं. नाक दाबून पी. उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

अक्का


नांदेड, २५ ऑक्टोबर २०२४

रुद्राणी,

पार्वतम्मांनी शब्द पाळला. अव्वानं मला आकडा वाचून दाखवला आणि मी तो पुन्हा वाचायला लावला. एवढी साखर! गुळाचा चहा, लाडू आणि वर एवढी साखर घेऊन तू पाचवीच्या पोरांना शिकवत उभी होतीस.

सुई सुरू झाली हेही कळलं. तू स्वतःच टोचून घेतेस, सासूबाई तेवढ्या वेळापुरत्या तोंड भिंतीकडे करून उभ्या राहतात आणि पुटपुटतात. धोंडप्पांनी ढेपा माळ्यावर टाकल्या आणि रुसल्यासारखे बसतात. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि मग उगाच रडू आलं.

सुई चुकवू नकोस. बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणवून घे. भूक लागली तर भाकरी आणि भाजी खा, भात कमी, फळ अर्धं. मी काही डॉक्टर नाही, डॉक्टर सांगतील ते आधी.

नळी न्हाणीत पुरली म्हणे. हळदकुंकू, मीठ, वर दगड. सगळ्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पार्वतम्मा आता सांगत फिरतात, वार घरी आली तशी सुनेच्या तोंडावर कळा आली. म्हणू देत. मला त्याचं काही नाही. खरंच काही नाही, असं मी तीनदा लिहून बघितलं. थोडंसं आहे.

आठव्याच्या कार्यक्रमाचं अव्वाला बोलावणं आहे, मला नाही. त्या दिवशी मी इथेच असेन. कुणीतरी बाळंत होईल, वार येईल, मी ती धुवेन.

अक्का


नांदेड, ९ डिसेंबर २०२४

रुद्राणी,

पुढच्या आठवड्यात तुझी रजा सुरू होईल, म्हणून हे पत्र आधी पोचायला हवं. यातलं एवढं तरी पाठ कर.

या वेळी लातूरला, मोठ्या दवाखान्यात जा. उमाशंकर तयार आहेत, अव्वानं विचारून घेतलंय. बाळ झालं की लगेच छातीशी घ्यायचं, दूध येत नसलं तरी लावायचं. आणि त्याची साखर तपासायला सांगायची. तासाभरात, नंतर पुन्हा, पुन्हा. डॉक्टर सांगतीलच, पण नाही सांगितलं तर तू सांग. तू बेशुद्धीत असशील तर उमाशंकर सांगतील, त्यांना आत्ताच पढवून ठेव. बाळ गोरंगोमटं दिसलं, वजनदार निघालं, तरी सांग. विशेषतः शांत झोपलं तर. कुणी म्हणालं, किती गुणाचं लेकरू, रडत बी न्हाई, तर त्या माणसाला बाजूला सार आणि नर्सला हाक मार. त्या वेळी गप्प बसू नकोस. सगळ्या जन्मात गप्प बस, पण तेवढ्या वेळी ओरड.

वार त्यांना नेऊ दे. मी मागणार नाही, मनातसुद्धा आणणार नाही.

तू ही पत्रं वाचतेस की नाही हे मला अजून माहीत नाही. कधी वाटतं शाळेच्या कपाटात सगळी न फोडता पडली असतील, एकावर एक. तसं असेल तर हे एक तरी फोड. मला बघायला बोलावू नकोस, फोन करू नकोस, काही नको. हे एक फोड.

अक्का


चाकूर, ३० डिसेंबर २०२४

रुद्राणी,

आज येळवस, वेळ अमावस्या. मी शेतात पूजेच्या कडब्याच्या कोपीपाशी बसले आहे. सकाळी तुला लातूरला नेल्याचा फोन आला आणि अव्वा भज्जीचं पातेलं चुलीवर तसंच टाकून एसटीनं गेली. शेजारच्या शेतातली पोरं "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत पाणी शिंपडत फिरताहेत. पूजा करायला घरचं माणूस म्हणून मीच उरले. पाच दगडांना चुना लावला, आंबिलीचं मडकं ठेवलं. खीर केली नाही. गूळ हातात घेतला आणि परत ठेवला.

अव्वाचा फोन लागत नाही. उमाशंकरांना दोनदा लावला, दोन्ही वेळा कापला गेला. तिसऱ्यांदा लावायची हिंमत होत नाही. मागच्या वेळी मी फोन केला होता आणि काय झालं ते तुला माहीत आहे.

हे पत्र शाळेत पोचेल तेव्हा तू तिथे नसशील. तिथे पडून राहील. तरी लिहिते आहे, कारण हाताला दुसरं काही काम नाही. ज्वारी कमरेइतकी झाली आहे. आपण दोघी या बांधावर भांडायचो, कोपीत आधी कोण शिरणार म्हणून. तू नेहमी आधी शिरायचीस आणि आत अंधार दिसला की अक्का ये, अक्का ये, म्हणून ओरडायचीस.

फोन अजून आलेला नाही.

अक्का


अहमदपूर, १९ जानेवारी २०२५

अक्का,

शाळेतल्या बाई मला बघायला आल्या, त्यांनी तुझं येळवसचं पत्र पिशवीत घालून आणलं. त्यांच्याच हाती हे पाठवते आहे. पाच-सहा ओळी लिहीन म्हणते, मुलगी उठेपर्यंत.

मुलगी झाली हे अव्वानं तुला संध्याकाळी सांगितलं असेलच. अव्वानं सगळं सांगितलं नसेल. मुलगी झोपली होती. शांत झोपली होती, आणि सासूबाई म्हणाल्या, गुणाची हाय. मी ओरडले, अक्का. टाक्यांतून कळ गेली तरी ओरडले. तपासली तर तिची साखर खाली गेली होती. काचेच्या खोलीत ठेवली तिला, हाताला सलाईन लावलं. दोन दिवस माझं दूध काढून नेत होते. तिसऱ्या दिवशी ती रडली तेव्हा उमाशंकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तुझी पत्रं मी वाचली. सगळी वाचली. पहिलं स्टाफरूममध्ये वाचलं आणि शाळा सुटेपर्यंत तिथून उठले नाही. उत्तर काय द्यायचं होतं? तू लिहिलं होतंस ते खरं होतं.

आता तुला एक सांगते. सासूबाई नांदेडहून डबा घेऊन आल्या तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. त्या हळदकुंकवाचं ताट करायला आत गेल्या. मी नळीचं झाकण उघडलं. मला एकदा माझ्या पहिल्या लेकराचं काहीतरी बघायचं होतं, वास घ्यायचा होता. आंबलेल्या दुधाचा वास आला. मग तुझं ऑगस्टचं पत्र आठवलं, मेमध्ये सगळं सडलं ते, आणि चहात ढवळायची ती पावडर. मी झाकण लावलं. सासूबाई आल्यावर नळी त्यांच्या हातात दिली. तेव्हा मी बोलले असते तर ते ग्लुकोजचं पाणी मला कधीच प्यायला मिळालं नसतं.

त्याच्या पोटात माझ्या दुधाचा थेंब गेला नव्हता, अक्का. चमचाभर मधाचं पाणी, तेवढंच. सासूबाई माती लोटत होत्या आणि मला वाटलं, उशिरा का होईना, त्याच्या वाट्याचं दूध पोचलं. मी तिथे बसून रडले. त्यांना वाटलं वारेसाठी रडते आहे.

घरात खरं सांगायची छाती माझ्यात नाही. आधीही नव्हती. आता सांगितलं तर रुमालाखालचा सौदाच खोटा ठरतो, आणि पुढच्या वेळी या घरात कुणाच्या अंगाला सुई लागू देणार नाहीत. धाकट्या जावेला तिसरा महिना आहे. तुला कळतंय ना मी काय म्हणते ते? तू इथे चोरच राहणार आहेस. पुढच्या महिन्यात बारसं आहे, तुझं नाव काढायचीसुद्धा सोय नाही. अव्वा फोटो दाखवील.

मुलीची वार त्याच जागेशेजारी पुरली आहे. तिला न्हाऊ घातलं की पाणी दोन्ही दगडांवरून जातं. मी पाटावर बसून बघते.

मार्चमध्ये शाळेत रुजू होईन. तोवर लिहू नकोस. ती उठली.

रुद्राणी